पोट आधी, हातपाय शेवटी

या महिन्यातली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर निघाली: रोगलाइक गेममध्ये मारलेल्या प्राण्याचं शव उघडायचं आणि त्यातून त्या प्राण्याची माहिती मिळवायची. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. 1980 च्या 'रोग' (इंग्रजीतला Rogue) या गेमचा वारसा सांगणारे हे गेम. प्रत्येक वेळी नवा नकाशा, एकेका खेळीने पुढे सरकणारा खेळ, आणि पात्र मेलं की पहिल्यापासून सुरुवात. मी आठ वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं हे गेम खेळते आहे. त्यामुळे या पत्रांना मनापासून आणि जरा सविस्तर उत्तरं देते.

प्रश्न: ताई, मी एकट्याने एक फँटसी रोगलाइक बनवतो आहे. शवाशेजारी उभं राहून 'चिरा' म्हटलं की 20 खेळ्या जातात आणि त्या जातीच्या संशोधनाची पट्टी दहा टक्क्यांनी भरते. पट्टी पूर्ण भरली की त्या जातीवर 15 टक्के जास्त डॅमेज. टेस्टर्सपैकी निम्मे प्रत्येक शवापाशी थांबून बटण दाबत राहतात, उरलेले शवाकडे बघतही नाहीत. आवडलं असं कोणीच म्हणत नाही. कुठे चुकतंय?

तुमचे टेस्टर्स बरोबर वागताहेत. आजूबाजूला शत्रू नसताना 20 खेळ्या गेल्या तर खेळाडूचं काय जातं? काहीच नाही. ज्या कामाला किंमत मोजावी लागत नाही ते माणूस सवयीने उरकतो, नाहीतर सोडून देतो.

शवाला मुळातच एक घड्याळ जोडलेलं असतं, ते वापरा. 'नेटहॅक' या जुन्या रोगलाइकमध्ये शव पडून साधारण 50 खेळ्या उलटल्या की ते खाणं जिवावर बेतू शकतं आणि वेदीवर बळी म्हणूनही ते चालत नाही. लायकेन (दगडफूल) आणि लिझर्ड (सरडा) या राक्षसांची शवं मात्र कधीच सडत नाहीत, म्हणून जाणते खेळाडू ती सांभाळून ठेवतात. याउलट 'डंजन क्रॉल स्टोन सूप' हा दुसरा रोगलाइक बनवणाऱ्या मंडळींनी 0.26 या आवृत्तीत (2021) भूक काढून टाकली, तिच्याबरोबर शवाचे तुकडे करणंही गेलं. मला तो निर्णय पटतो. तिथे शव कापताना खेळाडूला विचार करावा लागत नव्हता, नुसतं बटण दाबावं लागत होतं. तुमच्याकडेही आज तेच होतंय.

खऱ्या विच्छेदनालाही हे घड्याळ होतंच. शव टिकवण्याची रसायनं नव्हती तेव्हाची गोष्ट. इटलीतल्या बोलोन्यात शरीररचना शिकवणाऱ्या मोंदिनोने 1316 च्या सुमाराला विच्छेदनाचं पुस्तक लिहिलं आणि त्यात क्रम घालून दिला: आधी पोट, मग छाती, मग डोकं, हातपाय शेवटी. कारण पोटातलं सगळ्यात आधी सडतं. हा क्रम तुमच्या गेममध्ये आणून बघा. 'चिरा' ही एकच आज्ञा ठेवू नका. पोट, छाती, डोकं, हातपाय असे चार भाग करा आणि प्रत्येकाला वेगळी मुदत द्या. बोगद्याच्या टोकाला पावलं वाजताहेत, हाताशी दोन भागांपुरताच वेळ आहे. याने काय गिळलं होतं ते बघायचं, की हा अंधारात कसा बघतो ते? असा प्रश्न पडला की खेळाडू आपोआप थांबतो आणि विचार करतो.

आता ते 15 टक्के. 'एक्स-कॉम' या डावपेचांच्या गेममध्ये (1994) परग्रहवासीयांची शवं लॅबमध्ये जातात, तिथले शास्त्रज्ञ दिवसचे दिवस काम करतात आणि अहवाल येतो. तिथे पट्टी भरत जाणं शोभतं, कारण काम दुसरं कोणी तरी करतंय आणि तुम्ही वाट बघताय. रोगलाइकमध्ये शवाशेजारी तुम्ही स्वतः गुडघे टेकून बसलेले असता. तुमच्या हाताला काहीतरी लागायला हवं. 'अँगबँड' या रोगलाइकमध्ये प्रत्येक राक्षसाची एक नोंद हळूहळू भरत जाते: त्याचा फटका खाल्ला की तो किती जोराचा ते लिहिलं जातं, पुरेसे मारले की त्याचं चिलखत कळतं. नोंद भरल्यामुळे तलवारीला धार चढत नाही. पुढच्या वेळी कुठे उभं राहायचं, कधी पळायचं, एवढं मात्र नीट ठरवता येतं.

म्हणून शव उघडल्यावर आकडा देऊ नका, दृश्य द्या. समजा, तुमच्याकडे तेजाब थुंकणारी घोरपड आहे. डोकं उघडल्यावर खेळाडूने वाचावं: "जबड्याखाली दोन पिशव्या. डावी तुडुंब भरलेली, उजवी रिकामी आणि सुरकुतलेली. दोन्हींच्या नळ्या जिभेखाली एकत्र येतात." बस्स. ती दोनदा थुंकते आणि मग तिला थांबावं लागतं, हे खेळाडूला स्वतःला उमगू द्या. लढाईत ती एकदा थुंकली होती म्हणून एक पिशवी रिकामी आहे, हे ज्याच्या लक्षात येईल तो हा गेम सोडणार नाही. दोनदा थुंकून मेली असती तर दोन्ही पिशव्या रिकाम्या दिसल्या असत्या. आगीने मारली असती तर कातडी हातात आली नसती, गदेने मारली असती तर कवटीचा चुरा झाला असता. झालेली लढाई शवात लिहिलेली असते. मारायचं कसं हेसुद्धा मग खेळाडू आधीपासून ठरवू लागेल, आणि धोका पत्करून हलक्या हाताने मारू बघेल.

एकाच जातीची दहा शवं का उघडायची, हा तुमचा खरा पेच आहे. त्यासाठी माझ्याकडची एक गोष्ट सांगते.

पहिल्या वर्षाला मी हाताचं विच्छेदन करत होते. मनगटाच्या मधोमध, कातडीखाली लगेच, एक बारीक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) असते, पामारिस लाँगस या स्नायूची. कातडी बाजूला केली, चिमट्याच्या बोथट टोकाने चरबीचे पिवळे कण सारले आणि मधोमध पांढरी, लांबट दोरी दिसली. मी तिला दोरा बांधून नावाची चिठ्ठी लावली. शिकवणाऱ्या बाईंनी ती दोरी चिमट्यावर अलगद उचलली आणि म्हणाल्या, "हिच्यावरून बोट फिरव." कंडरा चकचकीत आणि ताठ लागते. ही मऊ होती, तिच्यावर आडव्या बारीक रेषा होत्या. तो मीडियन मज्जातंतू होता. त्या हातात पामारिस नव्हताच! तो काही माणसांना जन्मतःच नसतो, कधी दोन्ही हातांत, कधी एकाच. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट जरा वाकवा, मधोमध दोरी उठून दिसली तर बहुधा तुम्हाला आहे. पुस्तकात असलेली वस्तू शवात नव्हती, म्हणून मी तिच्या जागी सापडलेल्या दुसऱ्या वस्तूला तिचं नाव देऊन मोकळी झाले होते. त्या शवाच्या दुसऱ्या हातात कंडरा होती.

एका शवातून एक प्राणी कळतो, जात कळत नाही. तुमच्या दहा शवांचं उत्तर यात आहे. पहिल्या घोरपडीत दोन पिशव्या सापडल्या. दुसरीत तीन. मग नेहमीच्या किती? चौथ्या-पाचव्या शवानंतर खेळाडूला अंदाज येईल, आणि तोवर तो आपल्या अपुऱ्या माहितीवर जीव पणाला लावत राहील. पट्टी दाखवायचीच असेल तर "पाच पाहिल्या, चौघींत दोन पिशव्या" एवढंच दाखवा.

चुकीचं ज्ञानही द्या. रोमन काळातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याने माकडं आणि डुकरं उघडली आणि त्यावरून माणसाविषयी लिहिलं. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो, असं त्यामुळे शतकानुशतकं शिकवलं गेलं. तो एकाच हाडाचा आहे हे वेसेलियस या शरीररचनाशास्त्रज्ञाने 1543 च्या आपल्या ग्रंथात माणसांची शवं उघडून दाखवलं. तुमच्या खेळाडूने लांडगा उघडला असेल तर लांडगामानवाबद्दल त्याच्या वहीत फिकट शाईत अंदाज उमटू द्या. त्यातले काही खरे निघतील, एखादा घात करेल. वहीत फिकट काय आणि गडद काय एवढं दिसलं की तक्रार कोणी करणार नाही.

प्रश्न: मी 17 वर्षांचा आहे. ज्या गेममध्ये शवविच्छेदन करून नोंदी मिळतात त्यात पात्र मेल्यावर नोंदी राहाव्यात की पुसल्या जाव्यात? मित्र म्हणतो पुसल्या नाहीत तर तो रोगलाइकच नाही.

मित्राला सांग, 'अँगबँड'मध्ये मेलेल्या पात्राची राक्षसांविषयीची आठवण पुढच्या पात्राला मिळू शकते, आणि त्याला रोगलाइक म्हणायला कोणी कचरत नाही.

पण तुझ्या प्रश्नात खोल पाणी आहे. वही पुसली तरी तुझं डोकं पुसलं जात नाही. 'नेटहॅक'मधल्या तरंगता डोळा या राक्षसावर जवळून वार केला की अंग लुळं पडतं, हे एकदा मरून कळलं की जन्मभर लक्षात राहतं. म्हणून 'रोग'ने पहिल्यापासून एक युक्ती केली: औषधांचे रंग आणि मंत्रांच्या गुंडाळ्यांची नावं प्रत्येक खेळात बदलायची. निळं औषध काल बरं करत होतं, आज आंधळं करेल. राक्षस तेच, वस्तू नव्या.

शवाचं ज्ञान या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडतं. घोरपडीला प्रत्येक खेळात दोनच पिशव्या असतील तर दुसऱ्या खेळापासून तिला कोण उघडेल? सगळंच दर वेळी बदललं तर आधीच्या दहा मरणांतून शिकलेलं वाया गेलं. मला विचारशील तर नियम कायम ठेवावेत आणि त्यांची वाटणी बदलावी. ज्याच्या जबड्याखाली पिशवी तो थुंकतो, हे कायमचं खरं. या खेळात पिशवी घोरपडीला आहे की वटवाघळाला, ते शव उघडूनच कळेल. अशा गेममध्ये तुझं डोकं शहाणं होत जातं आणि तरीही सुरी हातातून सुटत नाही. वही मग पुसली तरी मला चालेल.

प्रश्न: 'नेटहॅक'मध्ये कॉकाट्रिस या राक्षसाला लांबून बाण मारून मारलं. शव उचललं आणि मीच दगड झाले. मेलेला प्राणी दगड कसा करतो? माझ्याजवळ लिझर्डचं शव होतं, तेही कामी आलं नाही.

हातमोजे नव्हते ना? कॉकाट्रिसला उघडा हात लागला की दगड, मग तो जिवंत असो वा मेलेला. लिझर्डचं शव हळूहळू दगड होण्यावर उतारा आहे. उघड्या हाताने शव उचललं की दगड तत्क्षणी होतो, उतारा खायला खेळीच उरत नाही. हातमोजे घालून ते शव शस्त्रासारखं धरता येतं आणि ज्याला लागेल तो बहुतेक वेळा दगड होतो. मात्र ते हातात असताना खड्ड्यात पडू नका. पडताना ते अंगाला लागतं, तिथे हातमोजे वाचवत नाहीत.

प्रश्न: आम्ही तिघं मिळून एका गेमचं मराठीकरण करतो आहोत. प्राण्याच्या शवावर तीन वेगळ्या आज्ञा आहेत: मांस-कातडं काढणं, संशोधनासाठी उघडणं, आणि तो कशाने मेला ते शोधणं. आमच्याकडे तिन्हींना 'कापा' झालं आहे. काय करावं?

तिन्हींसाठी मराठीत वेगळे शब्द आहेत आणि ते वापरायलाच हवेत, कारण तिन्ही कामं करणारे हात वेगळे. पहिलं खाटकाचं काम: कातडं सोला, वाटे घाला. तिसरं पोलीस आणि डॉक्टरांचं: उत्तरीय तपासणी. बातम्यांत यालाही शवविच्छेदन म्हणतात, म्हणूनच घोळ होतो. 'तपासणी करा' लिहा, नेमकं समजेल.

मधल्या कामाला 'विच्छेदन करा' चालेल, पण बटणावर तो शब्द जड वाटतो. मी 'उलगडा' सुचवेन. प्रत्यक्ष काम तसंच असतं. धारदार पातं लागतं ते कातडीपुरतं, त्यानंतर बोटं आणि बोथट चिमटा. थर एकमेकांपासून सोडवत जायचं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पाचव्या अध्यायात सांगितलेली रीत तर याच्याही पुढची आहे. शव निवडायचं ते सगळे अवयव शाबूत असलेलं, विषाने न मेलेलं, दीर्घ आजाराने न खंगलेलं. आतड्यांतला मळ काढून ते मुंज, कुश अशा गवतात गुंडाळायचं, पिंजऱ्यात घालून आडबाजूच्या वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं. मग वाळा, केस, वेळू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत कातडीपासून आतपर्यंत एकेक थर डोळ्यांनी बघायचा. सुरीऐवजी पाणी आणि कुंचा!

(मराठीकरण झालं की मला जरूर पाठवा. खेळून बघायला आवडेल.)

प्रश्न: माझ्या गेममध्ये एक वैद्यकशाळा आहे, ती शवं विकत घेते. जितकं ताजं आणि धड शव, तितके जास्त पैसे. आठवड्याभरात टेस्टर्सनी गावातल्या निरुपद्रवी पात्रांना मारून विकायला सुरुवात केली. पहारेकरी वाढवले, दंड लावला, तरी थांबत नाहीत. शाळाच काढून टाकू का?

काढू नका. न ठरवता तुम्ही इतिहासातली एक खरी घटना उभी केली आहे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरामध्ये 1827 च्या अखेरीस हेअर नावाच्या माणसाच्या घरातला एक भाडेकरू आजाराने मेला, भाडं थकलं होतं. हेअर आणि त्याचा सोबती बर्क यांनी ते शव शरीररचना शिकवणाऱ्या डॉ. नॉक्स यांच्याकडे विकलं, साडेसात पौंडांना. पुढच्या वर्षभरात दोघांनी मिळून 16 माणसं मारली आणि विकली. गुदमरवून मारायचे, म्हणजे अंगावर खूण राहत नसे. तुमच्या भाषेत ताजं आणि धड. बर्कला जानेवारी 1829 मध्ये फाशी दिलं आणि त्याचंही विच्छेदन झालं.

पण फाशीने शवांची टंचाई थोडीच मिटते? ब्रिटनमध्ये 1832 चा कायदा आला आणि ज्यांच्यावर कोणी हक्क सांगितला नाही अशी शवं शाळांना रीतसर मिळू लागली, तेव्हा शवांचा चोरटा धंदा बसला. त्याचा भार वर्कहाउसमध्ये (निराधार गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणाऱ्या घरांत) आणि गरिबांच्या वस्तीत मरणाऱ्यांवर पडला, हेही लिहायला हवं. त्याच वर्षी तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम वारला. आपलं शरीर विच्छेदनासाठी द्यावं असं त्याने लिहून ठेवलं होतं, आणि तसं झालं.

तेव्हा पहारेकरी परत पाठवा आणि शवांचा दुसरा रस्ता उघडा. शाळेने प्रत्येक शवाबरोबर हकीकत मागावी: कोण, कुठे, कसा गेला. हकीकत नसेल तर पैसे नाहीत. आणि एखादं पात्र असं ठेवा ज्याच्याशी खेळाडूची ओळख झाली आहे. म्हातारी वाटाडी, समजा, जिने दोनदा त्याला बोगद्यातून बाहेर काढलं. ती अंथरुणाला खिळते आणि म्हणते, "माझा खोकला काय आहे ते कोणालाच कळलं नाही. मी गेल्यावर तू उघडून बघ. शाळेला सांग." त्या शवाचे पैसे देऊ नका. तिच्या फुप्फुसात काय सापडतं ते मात्र खूप मन लावून लिहा, बोगद्यातल्या धुळीचे काळे थर, बोटाने चाचपले तर खरखरणारे. त्या धुळीपासून खेळाडूने स्वतःला जपावं, एवढं त्यातून निघालं तर मी तुमचा गेम पहिल्या दिवशी घेईन.

प्रश्न: मुलगी बारा वर्षांची आहे. एका गेममध्ये प्राणी मारून त्यांची शवं चिरते. मला बघवत नाही. तिने वहीत अशा प्राण्याचं पोट काढलं आहे, दोन जठरं, बाण, नावं सगळं. त्याचा फोटो सोबत पाठवते. बंद करू का गेम?

चित्र मी बराच वेळ बघितलं. रक्त कुठेही काढलेलं नाही. पहिल्या जठरात तिने दगड दाखवलेत आणि बाजूला लिहिलंय, "दळायला असतील का?" पक्षी खरोखरच खडे गिळतात, पेषणीत (पोटातल्या जाड भिंतींच्या पिशवीत) अन्न दळायला. हे तिला माहीत असेल तर तिने जोडून बघितलं, नसेल तर स्वतः शोधून काढलं.

गेममध्ये मारण्याचाच सोहळा असेल, किंचाळ्या आणि उडणारं रक्त असेल, तर बारा वर्षांच्या मुलीला मीही तो देणार नाही. ते बघायला एक संध्याकाळ तिच्या शेजारी बसा. कसं मारलं ते विचारू नका, आत काय सापडलं ते विचारा, आणि ती सांगेल ते ऐका.

आणि तिला माझा एक निरोप द्या. दुसऱ्या जठरापासून निघालेली नळी कागदाच्या कडेपाशी थांबली आहे. ती पुढे कुठे जाते ते मला हवंय. नवं पान घे म्हणावं.